भिंतीची खरी जाडी

दोन फूट जाडीची भिंत अधिक मजबूत, की नऊ इंच जाडीची? हा प्रश्न कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले आहे: जाड भिंत मजबूत आणि पातळ भिंत कमकुवत. पण हे उत्तर नेहमीच बरोबर असते असे नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याच्या सीमेवर किल्लारी परिसरात भूकंप झाला. रिश्टर मापनावर त्याची तीव्रता ६ हून थोडीच अधिक होती. देशाच्या त्यावेळच्या भूकंपविषयक नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. तरीही दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती काही सेकंदांत ढासळल्या आणि जवळजवळ ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. एवढ्या जाड भिंती उभ्या का राहिल्या नाहीत?

जालन्यापासून किल्लारी सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर आहे. पण दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद अशी जुनी घरे आपल्याकडे अंबड, परतूर, मंठा, भोकरदन या तालुक्यांच्या खेड्यांतही दिसतात. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी आपण आधी दगड बाजूला ठेवू आणि एक साधी वीट हातात घेऊ.

दोनास एक

वीट नीट पाहा. तिची लांबी रुंदीच्या जवळजवळ दुप्पट असते. भारतीय मानकाप्रमाणे वीट १९ सेंमी लांब, ९ सेंमी रुंद आणि ९ सेंमी उंच असते. १९ ही ९ ची दुप्पट नाही असे तुम्ही म्हणाल. पण दोन विटा शेजारी शेजारी ठेवल्या आणि मध्ये १ सेंमी मसाल्याचा सांधा धरला तर ९ + १ + ९ = १९. म्हणजे एक लांब वीट आणि तिच्यावर आडव्या ठेवलेल्या दोन विटा तंतोतंत जुळतात. हे प्रमाण नवे नाही. सिंधू संस्कृतीच्या मोहेंजोदडो, हडप्पा या नगरांत सापडलेल्या विटांची उंची, रुंदी आणि लांबी १ : २ : ४ या प्रमाणात आहे.

आता भिंतीत वीट दोन प्रकारे बसते. तिची लांबी भिंतीच्या लांबीच्या दिशेने ठेवली, तर बाहेरून आपल्याला विटेची लांब बाजू दिसते. अशा विटेला स्ट्रेचर म्हणतात. तीच वीट भिंतीच्या जाडीत घुसवली, तर बाहेरून फक्त तिचे डोके दिसते. तिला हेडर म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवा. भिंतीच्या बांधणीचे सगळे प्रकार या दोघांच्या मांडणीतून तयार होतात. अशा मांडणीला बाँड, म्हणजे बंध, असे म्हणतात.

सांध्यावर सांधा का नको?

गवंडी हाताखालच्या नवशिक्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो की उभ्या सांध्यावर उभा सांधा येऊ द्यायचा नाही. खालच्या थरातील दोन विटांचा सांधा वरच्या विटेने झाकला गेला पाहिजे. यामागे काय गणित आहे?

समजा, सर्व विटा एकावर एक अशा सरळ रांगेत रचल्या आणि सर्वांत वरच्या एका विटेवर १६ किलोग्रॅम भार ठेवला. विटांचे स्वतःचे वजन आणि मसाल्याची पकड आपण हिशेबात धरणार नाही. हा भार खालच्या विटेवर १६, तिच्याखालच्या विटेवर १६, असा जशाच्या तसा पायापर्यंत उतरेल. शेजारच्या रांगेला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आता प्रत्येक वीट खालच्या दोन विटांवर अर्धी अर्धी टेकेल अशी रचना करू. प्रत्येक वीट आपल्यावरचा भार खालच्या दोघींना सारखा वाटून देईल. मग थरांवरचा भार असा होईल:

पहिला थर: १६
दुसरा थर: ८, ८
तिसरा थर: ४, ८, ४
चौथा थर: २, ६, ६, २
पाचवा थर: १, ४, ६, ४, १

शेवटची ओळ ओळखीची वाटते ना? गणितात जिला पास्कलचा त्रिकोण म्हणतात आणि आपल्याकडे मेरुप्रस्तार म्हणतात, तिचीच ही पाचवी ओळ. अवघ्या पाच थरांत १६ किलोग्रॅमचा भार पाच विटांत वाटला गेला आणि कोणत्याही एका विटेवर ६ किलोग्रॅमपेक्षा अधिक भार उरला नाही. खऱ्या भिंतीतील वाटणी इतकी नेमकी नसते, पण तत्त्व हेच.

आपल्याकडील काळ्या जमिनीत या वाटणीला विशेष महत्त्व आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्यामुळे पाया सगळीकडे सारखा वर-खाली होत नाही. पाया एके ठिकाणी खचला की त्याच्यावरच्या विटांचा आधार जातो. सरळ रांगांची भिंत असेल तर ती रांग सांध्यातून सुटून खाली येईल. गुंफलेल्या भिंतीत मात्र शेजारच्या विटा तो भार काही प्रमाणात उचलून धरतात. अशा भिंतीला भेग गेलीच तर ती बहुधा सांध्यासांध्यातून, जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरकी जाते. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या वीटबांधकामावर अशी भेग शोधून पाहा.

आतला सांधा

आतापर्यंत आपण भिंत समोरून पाहिली. आता ती वरून पाहू. साडेचार इंची भिंतीत विटेची रुंदी हीच भिंतीची जाडी असते. तेथे सगळ्या विटा स्ट्रेचर ठेवल्या तरी चालते. पण नऊ इंची भिंत बांधताना कोणी सगळ्या विटा लांबीनेच ठेवल्या, म्हणजे बाहेर एक रांग आणि आत एक रांग, तर काय होईल? बाहेरून सांधे छान मोडलेले दिसतील. परंतु भिंतीच्या पोटात, दोन रांगांच्या मध्ये, खालपासून वरपर्यंत एक अखंड उभा सांधा राहील. भिंत दिसायला एक, पण प्रत्यक्षात पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती!

यात किती नुकसान आहे ते मोजता येते. एखादी फळी वाकण्याला जो विरोध करते तिला ताठपणा म्हणू. बाकी सर्व सारखे असेल तर हा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी केली की ताठपणा १/२ × १/२ × १/२, म्हणजे १/८ होतो. दोन सुट्या पातळ भिंती शेजारी उभ्या केल्या तर त्यांचा एकूण ताठपणा १/८ + १/८ = १/४. म्हणजे तेवढ्याच विटा, तेवढाच मसाला, तेवढीच मजुरी. ताठपणा मात्र एक चतुर्थांश. मधल्या सांध्यात मसाला चांगला भरला तर परिस्थिती थोडी सुधारते, पण नेमका हाच सांधा डोळ्यांआड असल्याने पुष्कळदा अर्धवट भरलेला राहतो.

यावर उपाय एकच. काही विटा या सांध्याला ओलांडून आरपार गेल्या पाहिजेत. म्हणजेच हेडर हवेत.

इंग्लिश आणि फ्लेमिश

हेडर किती आणि कोठे ठेवायचे यावरून बंधांना नावे पडली आहेत. इंग्लिश बाँडमध्ये एक थर संपूर्ण स्ट्रेचरचा आणि त्यावरचा थर संपूर्ण हेडरचा असतो. नाव इंग्लिश असले तरी हेडर आणि स्ट्रेचरचे थर आलटून पालटून रचण्याची ही पद्धत सिंधू संस्कृतीच्या भिंतींतही आढळते. फ्लेमिश बाँडमध्ये एकाच थरात एक हेडर, एक स्ट्रेचर, पुन्हा एक हेडर अशी मांडणी असते. ती दिसायला सुबक दिसते, म्हणून गिलावा न करता विटा उघड्या ठेवायच्या असतील तेथे ती पसंत करतात.

नऊ इंची भिंतीत दोघांची तुलना करू. हिशेबासाठी सांधा धरून वीट ९ × ४.५ इंच माना. इंग्लिश बाँडमध्ये भिंतीच्या दर ९ इंच लांबीला हेडरच्या थरात २ विटा लागतात आणि स्ट्रेचरच्या थरातही (एक बाहेर, एक आत) २ लागतात. म्हणजे निम्म्या विटा हेडर. फ्लेमिश बाँडमध्ये दर १३.५ इंच लांबीला १ हेडर आणि २ स्ट्रेचर लागतात. म्हणजे एक तृतीयांश विटा हेडर. विटांची एकूण संख्या दोन्हींत सारखीच, परंतु इंग्लिश बाँडमध्ये आरपार जाणाऱ्या विटा अधिक. भार वाहणाऱ्या भिंतीसाठी इंग्लिश बाँड अधिक भक्कम मानतात याचे हे एक कारण.

इंग्लिश बाँडमध्ये एक गंमत आहे. कोपऱ्यापासून हेडरचा थर सुरू केला तर सांधे ४.५, ९, १३.५ इंचांवर येतील. खालच्या स्ट्रेचरच्या थरात सांधे ९, १८ इंचांवर आहेत. म्हणजे ९ वर सांध्यावर सांधा आला! म्हणून गवंडी कोपऱ्यातील पहिल्या हेडरनंतर लांबीत उभी चिरलेली अर्ध्या रुंदीची वीट बसवतो. तिला क्वीन क्लोजर म्हणतात. तिची रुंदी २.२५ इंच. आता सांधे ४.५, ६.७५, ११.२५, १५.७५, २०.२५ इंचांवर येतात. खालचा ९ चा सांधा ६.७५ आणि ११.२५ यांच्या बरोबर मध्ये पडतो. एका चिरलेल्या विटेने भिंतभरचे सांधे मोडले. वहीत चौकटीच्या कागदावर हे काढून पाहा, म्हणजे लगेच ध्यानात येईल.

चार विटांच्या जागी तीन

विटा वाचवूनही हेडर ठेवता येतात काय? रॅट ट्रॅप बाँड हे त्याचे उत्तर आहे. केरळमध्ये स्वस्त आणि टिकाऊ घरे बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७ ते २००७) यांनी हा बंध आपल्या देशात लोकप्रिय केला. यात विटा नेहमीप्रमाणे पसरट न ठेवता कडेवर उभ्या ठेवतात. दोन स्ट्रेचर, एक बाहेर आणि एक आत, आणि त्यांच्यानंतर आरपार एक हेडर. दोन स्ट्रेचरच्या मध्ये एक पोकळ कप्पा राहतो. उंदराच्या पिंजऱ्यासारख्या या कप्प्यावरून बंधाला हे नाव मिळाले.

हिशेब करा. वीट ९ × ४.५ × ३ इंच माना. कडेवर ठेवल्यावर थराची उंची ४.५ इंच होते. एका घटकाची लांबी ९ + ३ = १२ इंच, जाडी ९ इंच, उंची ४.५ इंच. घनफळ १२ × ९ × ४.५ = ४८६ घन इंच. एका विटेचे घनफळ ९ × ४.५ × ३ = १२१.५ घन इंच. भरीव भिंतीत येथे ४८६ ÷ १२१.५ = ४ विटा लागल्या असत्या. आपण वापरल्या ३. म्हणजे २५ टक्के विटा वाचल्या, आणि प्रत्येक कप्प्याची पोकळी बरोबर एका विटेएवढी आहे!

या पोकळीत कोंडलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते. पोकळीतून उष्णता प्रारणानेही जाते, त्यामुळे ती पूर्णपणे अडत नाही, पण भरीव भिंतीपेक्षा घर थोडे थंड राहते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हा फायदा लहान नाही. अर्थात या बंधाला सारख्या मापाच्या विटा आणि मन लावून काम करणारा गवंडी हवा. पायात तो वापरत नाहीत, आणि कोपरे व दारांच्या कडा भरीव ठेवतात.

किल्लारीत काय घडले

आता दगडी भिंतीकडे परत येऊ. त्या गावांतील पुष्कळ भिंतींत बाहेरचा चेहरा मोठ्या दगडांचा, आतला चेहरा मोठ्या दगडांचा, आणि मध्ये लहान दगड व माती यांची भर होती. जोडणीला चिखल. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, म्हणजेच दगडी हेडर, बहुधा नव्हते. असा लांब दगड मिळवायला आणि घडवायला खर्च येतो; आणि तो नसला तरी भिंत वर्षानुवर्षे उभी राहतेच. कारण नेहमीचा भार सरळ खाली जाणारा असतो.

भूकंपात जमीन आडवी हलते. भर घातलेले लहान दगड हादऱ्याने खाली सरकतात, पाचरीसारखे रुततात आणि दोन्ही चेहऱ्यांना बाहेर ढकलतात. भिंतीला पोट येते, दोन्ही चेहरे एकमेकांपासून सुटतात. मग पुढे काय होते ते आपल्याला गणिताने पाहता येईल.

समजा, सुट्या उभ्या भिंतीची उंची उ आणि जाडी ज आहे. तिचे वजन तिला जागेवर ठेवते. त्या वजनाचा तळाच्या कडेभोवतीचा आघूर्ण वजन × ज/२. आडवा धक्का तिला उलथवतो; त्याचा आघूर्ण आडवे बल × उ/२. दोन्ही सारखे झाले की भिंत कलंडू लागते. म्हणजे आडवे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ज/उ पट झाले की भिंतीचे काही खरे नाही. ३ मीटर उंच आणि ६० सेंमी जाड भिंतीसाठी ही मर्यादा ०.२ येते. पण तिचे ३०-३० सेंमीचे दोन चेहरे सुटले तर प्रत्येकाची मर्यादा ०.१, म्हणजे निम्मी! माळवदाची कित्येक टन माती वर असताना खालची भिंत दुभंगली की काय होणार, हे सांगायला नको.

म्हणजे त्या भिंती दोन-तीन फूट जाड नव्हत्याच. त्या पाठीला पाठ लावलेल्या पातळ भिंती होत्या. मोजपट्टीने दिसते ती भिंतीची जाडी खरी नव्हे. भिंतीला ओलांडून जाणारे काही असेल तरच ती जाडी खरी.

भूकंपानंतर दुरुस्तीच्या कामांत हेच तत्त्व वापरले गेले. भिंतीतून जपून दगड काढून आरपार भोक पाडायचे, त्यात टोके वाकवलेली लोखंडी सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. तयार झाला नवा हेडर! भारतीय मानक ब्यूरोच्या १९९३ च्या मानकात नव्या दगडी भिंतींसाठी दर ६० सेंमी उंचीला आणि आडव्या दिशेत जास्तीत जास्त १.२० मीटर अंतरावर आरपार दगड ठेवायला सांगितले आहे. त्याच मानकात अशा भिंतीची जाडी ४५ सेंमीहून अधिक नसावी असेही म्हटले आहे. जाडी वाढवण्यापेक्षा बांधून घेणे महत्त्वाचे, हाच त्याचा अर्थ. याच्या जोडीला घराभोवती फिरणारा काँक्रीटचा अखंड पट्टा आणि एकमेकांत गुंतवलेले कोपरे हवेत. एकटा हेडर घर वाचवत नाही, पण त्याच्याशिवाय बाकीचे उपायही अपुरे पडतात.

सळईच्या गावात विटेचा विचार

जालना हे लोखंडी सळया बनवणाऱ्या कारखान्यांचे गाव. येथे घर म्हणजे काँक्रीटचे खांब आणि तुळया, भार त्यांच्यावर, भिंत केवळ आडोशाला. मग बंधाचा विचार कशाला? असे कोणी म्हणेल. पण खेड्यातील लहान घर, गोठा, पाण्याच्या टाकीचा चौथरा, शाळेचे कुंपण हे सारे अजूनही पुष्कळदा नुसत्या विटांवर उभे असते. खांबांच्या मधली भिंतसुद्धा बाजूच्या भिंतीशी गुंतलेली नसेल तर हादऱ्याने खोलीत पडू शकते. म्हणूनच पुढे जोडायच्या भिंतीसाठी एकाआड एक थराची वीट बाहेर सोडून ठेवतात.

करून पाहा

१. चिकणमातीच्या ४ × २ × १ सेंमी मापाच्या शंभर विटा करून सावलीत वाळवा. पुठ्ठ्याचा साचा वापरला तर मापे सारखी येतील. मसाला न लावता एक भिंत सांध्यावर सांधा ठेवून, एक इंग्लिश बाँडमध्ये रचा. पाटावर ठेवून पाट हळूहळू हलवा. आधी कोणती पडते?

२. जाड पुठ्ठ्याच्या सारख्या चार पट्ट्या कापा, ३० सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद. दोन एकमेकींना संपूर्ण चिकटवा, दोन नुसत्या एकीवर एक ठेवा. दोन पुस्तकांवर टेकवून मधोमध सारखी नाणी ठेवा आणि किती झोळ पडतो ते मोजा. चिकटवलेल्या जोडीचा झोळ सुमारे एक चतुर्थांश यायला हवा.

३. २४ सेंमी उंच आणि ३ सेंमी जाड अशी दोन सारखी पुस्तके पाटावर पाठीला पाठ लावून उभी करा आणि पाट एका बाजूने उचला. सुटी पुस्तके सुमारे ७ अंशांवर कलंडतील. सुतळीने घट्ट बांधली तर सुमारे १४ अंशांपर्यंत टिकतील. या कोनाचा आणि वर काढलेल्या ज/उ चा संबंध काय, ते शोधा.

४. गिलावा निघालेली एखादी जुनी भिंत शोधा आणि एका चौरस मीटरमध्ये किती हेडर दिसतात ते मोजा. एकही दिसला नाही तर भिंतीची जाडी मोजा. ती साडेचार इंच असेल तर ठीक. नऊ इंच असेल, तर ती एक भिंत आहे की दोन, हे आता तुम्हाला सांगता येईल. दगडी घराच्या भिंतीला पोट आलेले दिसले, तर ते घरातील मोठ्या माणसांच्या नजरेस अवश्य आणून द्या.